तारा कधी बसवायच्या, आणि कुणी ठरवायचं? पुढे आलेल्या दातांचं एक प्रकरण

मुलगी साडेदहा वर्षांची. वरचे पटाशीचे दात बरेच पुढे आलेले, ओठ सहज मिटत नाहीत, समोरच्या एका दाताचा कोपरा पडल्यामुळे किंचित उडालेला. आईवडिलांची मागणी एकच होती: लगेच तारा बसवा, म्हणजे मोठ्या वर्गात जाण्याआधी ती मोकळी होईल. त्याआधी त्यांना दुसऱ्या एका ठिकाणी नेमका उलटा सल्ला मिळाला होता. दुधाचे सगळे दात पडू द्या, तोवर काही करू नका. हे दोन्ही सल्ले पालकांच्या कानावर सतत पडत असतात. या मुलीसाठी दोन्ही चुकीचे ठरले असते. ते का, हे सांगण्यासाठी तिचं प्रकरण पहिल्या तपासणीपासून सविस्तर मांडतो आहे.

एक खुलासा आधी करतो. उपचारांत नेहमी भेटणाऱ्या मुलांमध्ये जे दिसतं, ते एकत्र करून हे प्रकरण रचलं आहे. त्यामुळे यातली मुलगी म्हणजे कुणी एक व्यक्ती नाही. तिच्या तोंडात जे घडतं, ते मात्र ऑर्थोडॉन्टिस्टच्या, म्हणजे दात आणि चावा सरळ करणाऱ्या दंततज्ज्ञाच्या, रोजच्या कामातलं आहे.

पहिल्या भेटीत आईवडिलांचं बोलून झाल्यावर मुलीला विचारलं, "तुला स्वतःला कशाचा त्रास होतो?" ती म्हणाली, ओठ सारखे कोरडे पडतात, आणि वर्गातली दोन मुलं दातांवरून चिडवतात. मग थोडं थांबून तिनंच विचारलं, "दुखतं का खूप?" उपचार पुढची तीन-चार वर्षं तिच्या तोंडात चालणार होते, आणि तरीही तोवर तिला कुणी काही विचारलं नव्हतं. याचा परिणाम पुढे दिसला, म्हणून इथे नोंदवून ठेवतो.

तपासणीत काय दिसलं

वरचे पटाशीचे दात खालच्या दातांच्या ८ मिलिमीटर पुढे होते. सर्वसाधारणपणे हे अंतर २ ते ३ मिलिमीटर असतं. चेहरा बाजूनं पाहिला की लक्षात यायचं, वरचा जबडा फारसा पुढे नव्हता, खालचा मागे राहिला होता. दाढा एकमेकींवर कशा बसतात त्यावरून एडवर्ड अँगल या अमेरिकन दंतवैद्यानं १८९९ मध्ये तीन वर्ग मांडले. ते आजही वापरात आहेत, आणि ही मुलगी त्यातल्या दुसऱ्या, म्हणजे खालच्या दाढा मागे राहिलेल्या, वर्गात मोडत होती. शिवाय बोलताना, गिळताना तिचा खालचा ओठ वरच्या दातांच्या मागे अडकायचा आणि त्यांना आणखी पुढे ढकलायचा. म्हणजे आपोआप सुधारण्याची शक्यता जवळपास नव्हती.

हे सगळं आईवडिलांना आरशात दिसतच होतं. खरी अडचण दिसत नव्हती.

वरचा सुळा साधारण अकरा-बारा वर्षांच्या सुमारास येतो. तो तयार होतो जबड्यात खूप वर, आणि खाली उतरायला त्याला इतर दातांपेक्षा लांबचा रस्ता कापावा लागतो. त्यामुळे दहाव्या वर्षाच्या आसपास हिरडीच्या बाहेरच्या बाजूनं, दुधाच्या सुळ्याच्या वर बोट फिरवलं, तर येऊ घातलेल्या दाताचा उंचवटा हाताला लागायला हवा. या मुलीच्या उजव्या बाजूला तो लागला. डाव्या बाजूला काहीच लागेना, आणि तिथला दुधाचा सुळा तसूभरही हलत नव्हता. सगळ्या जबड्याचा एक्स-रे, म्हणजे ओपीजी काढल्यावर कारण कळलं. डावा कायमचा सुळा तिरपा होऊन टाळूच्या बाजूला वळला होता, आणि त्याचं टोक शेजारच्या पटाशीच्या दाताच्या मुळाकडे चाललं होतं.

वरचा सुळा असा अडकून बसण्याचं प्रमाण साधारण १०० माणसांत दोन इतकं आहे. मुलींमध्ये ते जास्त, आणि बहुतेक वेळा दात टाळूकडेच वळतो. यात दुखत नाही, सूज येत नाही, बाहेरून काही कळत नाही. पण वाट चुकलेला सुळा शेजारच्या दाताचं मूळ झिजवू शकतो, आणि हे कधीकधी तो दात हलायला लागल्यावरच लक्षात येतं. समोरचे दात पुढे आहेत म्हणून या मुलीला आणलं, हे तिच्या पथ्यावर पडलं. ज्यांचे समोरचे दात सरळ असतात त्यांच्याकडे या वयात कुणी बघत नाही. अमेरिकेतल्या ऑर्थोडॉन्टिस्टांच्या संघटनेनं पहिल्या तपासणीसाठी सात वर्षं हे वय सुचवलं आहे. त्याचा अर्थ सातव्या वर्षी तारा बसवा असा नाही. दात किती आहेत, कुठे आहेत, कोणता जन्मतःच नाही, जबडा कुठल्या बाजूला सरकतो आहे का, एवढं पाहून ठेवायचं, आणि बहुतेक मुलांना "पुन्हा वर्षभरानं या" असं सांगून घरी पाठवायचं.

एक्स-रेच्या किरणांची आईला काळजी वाटली. तिची शंका रास्त होती. एका ओपीजीतून मिळणारा किरणोत्सर्ग आपल्याला निसर्गातून काही दिवसांत मिळतो तेवढाच, म्हणजे अगदी थोडा असतो. तरीही "जरा बघू" म्हणून एक्स-रे काढू नये. त्यातून जे कळेल त्यानं निर्णय बदलणार असेल तरच काढावा. इथे तो पूर्ण बदलला.

तीन अडचणी, तीन वेगळ्या वेळा

आता प्रश्न तारा आज की उद्या एवढाच उरला नव्हता. सुळ्याचं काम लगेच करायला हवं होतं. जबड्यासाठी वाढीचा जोर यायची वाट पाहायची होती. दात ओळीत आणण्याचं काम शेवटी, कायमचे दात आल्यावर.

सुळ्यासाठी निवडलेला उपाय अगदी साधा होता: डावा दुधाचा सुळा काढून टाकायचा, म्हणजे वरच्याला वाट मिळेल. स्वीडनमधल्या १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा ४६ सुळ्यांपैकी ३६ नीट मार्गावर आले होते. त्या अभ्यासात तुलनेसाठी उपचार न केलेल्या मुलांचा गट नव्हता, त्यामुळे त्या आकड्यावर डोळे मिटून विसंबता येत नाही. पण त्यातली एक गोष्ट व्यवहारात उपयोगी पडते. सुळ्याचं टोक शेजारच्या दाताच्या मुळाच्या मध्यरेषेपलीकडे गेलेलं नसेल, तर यशाची शक्यता बरीच जास्त असते. या मुलीत ते रेषेच्या अलीकडे होतं. आईवडिलांना हेही सांगितलं, की वर्षभरात सुळा वळला नाही तर छोटी शस्त्रक्रिया करून तो उघडा करावा लागेल आणि साखळी लावून हळूहळू ओढून आणावा लागेल. ही शक्यता आधी कानावर घातली नाही, तर पुढे शस्त्रक्रियेचं नाव निघताच पालकांचा विश्वास उडतो.

जबड्याच्या बाबतीत घाईचा फायदा होता का? पुढे आलेल्या दातांवर लहान वयात एक टप्पा आणि किशोरवयात दुसरा, अशा उपचारांची तुलना फक्त किशोरवयात केलेल्या उपचारांशी झालेली आहे. निष्कर्ष असा, की लवकर सुरुवात केल्यानं समोरच्या दातांना इजा होण्याचं प्रमाण घटतं. बाकी शेवटचा निकाल जवळपास सारखाच येतो. म्हणून ज्या मुलाला चिडवण्याचा फार त्रास आहे, किंवा जे वरचेवर पडतं, धडपडतं, त्याच्यासाठी लवकर सुरुवात करणं योग्य ठरू शकतं. या मुलीचा दात एकदा उडालेला होता, ती मैदानी खेळही खेळायची. त्यामुळे खेळताना वापरायचं रबरी दंतकवच तिला पहिल्याच महिन्यात करून दिलं. मोठं उपकरण मात्र थांबवलं.

थांबायचं म्हणजे किती, हे उंचीवरून ठरतं. मुलींमध्ये वाढीचा वेग मुलांच्या आधी, साधारण दोन वर्षं लवकर, शिगेला पोहोचतो, आणि तो शिखर गाठून उतरू लागतो तेव्हा सहसा पाळी सुरू होते. म्हणून आईला दर काही महिन्यांनी उंचीची नोंद ठेवायला सांगितलं, आणि पाळीबद्दल विचारणं ही उपचाराचीच गरज का आहे, तेही समजावलं. दुधाचे सगळे दात पडेपर्यंत थांबायचा सल्ला ऐकला असता, तर ही वेळ हातातून गेली असती. उलट पहिल्याच दिवशी पूर्ण तारा लावल्या असत्या तर चार वर्षं तोंडात धातू राहिला असता. इतका काळ ब्रेसेस, म्हणजे या तारा, सांभाळता सांभाळता मुलं कंटाळून जातात, दात घासणं सोडतात, भेटी चुकवतात. त्याचं नुकसान वाकड्या दातांपेक्षा मोठं असतं.

वर्षभरानं पुन्हा एक्स-रे काढला. सुळा बराचसा सरळ झाला होता. शस्त्रक्रियेची गरज उरली नाही.

जबड्याचं उपकरण

साडेअकराव्या वर्षी उंची झपाट्यानं वाढू लागली, आणि ट्विन ब्लॉक नावाचं काढता-घालता येणारं उपकरण दिलं. त्यात वर आणि खाली दोन वेगळ्या पट्ट्या असतात. त्यांचे उतरते भाग एकमेकांवर असे बसतात, की तोंड मिटताना खालचा जबडा पुढे आणावाच लागतो. पहिले काही दिवस बोलणं बोबडं होतं, लाळ सुटते, जबड्याचे स्नायू ठणकतात. हे आधी सांगितलेलं असलं की मुलं सहन करतात.

या उपकरणानं जबडा "वाढवला जातो" असं अनेक ठिकाणी सांगितलं जातं. ते अर्धसत्य आहे. आठ मिलिमीटरचं अंतर भरून येतं त्यातला मोठा भाग वरचे दात मागे आणि खालचे पुढे झुकल्यानं भरतो. जबड्याच्या जास्तीच्या वाढीचा वाटा लहान असतो. निकाल चांगला येतो, पण हनुवटीचा कायापालट होईल असं वचन कुणी देत असेल, तर पालकांनी सावध व्हावं.

सुरुवातीला ती उपकरण फक्त रात्री घालायची. तोंडात ते असतं तेवढाच वेळ काम करतं, त्यामुळे दोन महिने अंतर जवळपास तसंच राहिलं. फरक पडला तो तिला मोजपट्टी हातात दिल्यावर. प्रत्येक भेटीत अंतर तीच मोजायची आणि स्वतःच्या कागदावर लिहायची. दहाव्या महिन्यात आकडा तीनवर आला.

तारा

साडेबाराव्या वर्षी पक्के ब्रेसेस लावायची वेळ आली, आणि चार उपदाढा (सुळा आणि दाढा यांच्यामधले दात) काढायच्या का, हा प्रश्न पुढे आला. वडिलांना नात्यातल्या कुणीतरी सांगितलं होतं की दात काढले की डोळ्यांवर परिणाम होतो. तसा काही संबंध नाही. दात काढण्याचा निर्णय जागेच्या हिशोबावर होतो: जबड्यात किती जागा आहे, दातांची एकूण रुंदी किती, समोरचे दात कुठे ठेवायचे आहेत, ओठांना आधार किती हवा. हिच्या खालच्या दातांना तीनेक मिलिमीटर जागा कमी पडत होती, आणि तेवढी दातांच्या ओळीचा घेर किंचित बदलून मिळण्यासारखी होती. म्हणून काढले नाहीत. जागा फारच कमी असती तर काढलेच असते, आणि तेही योग्यच असतं. "आम्ही कधीच दात काढत नाही" असं अभिमानानं सांगणारा आणि प्रत्येकाचे चार दात काढणारा, दोघेही तुमच्या मुलाच्या तोंडात नीट डोकावलेले नसतात.

दात सरकतो कसा, हे मुलीनंच विचारलं. दात हाडात थेट रुतलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये मिलिमीटरच्या पाव भागाहूनही पातळ असा तंतूंचा थर असतो. तारेनं एका बाजूला हलका दाब दिला, की त्या बाजूला हाड विरघळवणाऱ्या पेशी कामाला लागतात, आणि मागे पडलेल्या जागेत दुसऱ्या पेशी नवं हाड घालतात. दात असा महिन्याला साधारण एक मिलिमीटर सरकतो. दाब वाढवला तर दात लवकर सरकेल असं वाटतं, पण तसं होत नाही. जास्त दाबानं त्या थरातला रक्तपुरवठाच दबतो, पेशी मरतात, दात काही आठवडे जागचा हलत नाही, आणि मुळाला इजा होण्याचा धोका वाढतो. "डॉक्टर, जरा घट्ट करा म्हणजे लवकर संपेल," अशी विनंती वडिलांनी दोनदा केली. दोन्ही वेळा नाही म्हणावं लागलं. पक्क्या तारांच्या उपचाराला सरासरी वीस महिने लागतात. गुंतागुंत असेल तर त्याहून जास्त.

लावण्याच्या दिवशी दुखत नाही, इंजेक्शन लागत नाही. दातांवर सौम्य आम्लाचा लेप लावून पृष्ठभाग खरखरीत करतात, त्यावर ब्रॅकेट, म्हणजे तार अडकवायचा छोटा तुकडा, चिकटवतात, प्रकाशानं ते घट्ट होतं, आणि मग पातळ निकेल-टायटॅनियमची तार घालतात. ती वाकवली तरी मूळ आकारात परतू पाहते, त्या परतण्यातूनच दात ओढले जातात. दुखणं सुरू होतं काही तासांनी, दुसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतं आणि आठवड्याच्या आत ओसरतं. पहिल्या भेटीत तिनं विचारलेल्या प्रश्नाचं हे उत्तर तिला तेव्हाच दिलं होतं, आणि तसंच घडलं म्हणून पुढचंही ती ऐकत गेली. ब्रॅकेट गालाला घासून फोड येतात, त्यावर मेण लावायचं. तारेचं टोक टोचू लागलं तर मेणानं झाकून दवाखान्यात फोन करायचा. ब्रॅकेट सुटलं तर पुढच्या भेटीची वाट न बघता कळवायचं, कारण तो दात तेवढे दिवस उपचारातून बाहेर पडलेला असतो. निकेलची किंवा लॅटेक्सची ॲलर्जी असेल, मधुमेह असेल, हृदयाच्या झडपेचा त्रास असेल, तर हे सगळं सुरुवातीलाच सांगायचं.

आठवा महिना

तारा लागल्यानंतर आठव्या महिन्यात उपचार अडला. तीन ब्रॅकेट पाठोपाठ सुटले होते. वर-खाली अडकवायची रबरं ती घालत नसल्याचं उघड होतं, कारण ज्या दातांवर ती काम करतात ते तसूभरही सरकले नव्हते. हिरड्या सुजलेल्या, हात लावला की रक्त. आणि वरच्या चार दातांवर, ब्रॅकेटच्या कडेनं, खडूसारखे पांढरे डाग.

हे डाग म्हणजे किडीची पहिली पायरी. ब्रेसेसनं डाग पडत नाहीत; ब्रॅकेटभोवती साचलेल्या थरातले जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात, ते एनॅमलमधली, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कठीण आवरणातली, खनिजं ओढून घेतं, आणि तिथला भाग पांढुरका, सच्छिद्र होतो. साफसफाई पूर्ण थांबली तर असा डाग चार आठवड्यांतही दिसू शकतो. लहान डाग पुसट होतात, मोठे बहुतेक वेळा कायम राहतात. म्हणजे दात सरळ करायला गेलेली मुलगी सरळ पण डागाळलेले दात घेऊन बाहेर पडण्याची शक्यता होती.

आईला रडू आलं, वडील मुलीवर चिडले. दोघांनाही बाहेर बसवून मुलीशी बोललो. रबर लावल्यावर बोलताना ते दिसतं, म्हणून ती शाळेत काढून ठेवायची आणि घरी परत लावायला विसरायची. शाळेत दात घासायला लाज वाटायची. आणि शेवटी ती म्हणाली, "बाबांनी ठरवलंय म्हणून चाललंय सगळं." पहिल्या भेटीत तिला एक प्रश्न विचारला गेला होता. त्यानंतरच्या अडीच-पावणेतीन वर्षांत घरी तो पुन्हा कुणी विचारला नव्हता.

त्या दिवशी तार बदलली नाही. दात जागच्या जागी धरून ठेवणारी साधी तार घालून उपचार थांबवले, आणि तिच्यासमोर दोन पर्याय ठेवले. आत्ता ब्रेसेस काढून टाकायचे: चावा थोडा सदोष राहील, दात बऱ्यापैकी ओळीत असतील, आणि डाग वाढायचे थांबतील. किंवा हिरड्यांचं रक्त थांबल्यावर पुढे जायचं. पहिला पर्याय धमकी म्हणून ठेवला नव्हता. अस्वच्छ तोंडात ब्रेसेस ठेवण्यापेक्षा ते अर्धवट काढणं खरोखर बरं, आणि पालकांनाही हे स्पष्ट सांगावं लागलं. ब्रेसेस वेळेआधी काढावे लागले तर त्याला उपचार फसला असं म्हणायचं कारण नाही. चार किडलेले दात हा त्याहून कितीतरी मोठा तोटा आहे.

तिनं पुढे जायचं ठरवलं, पण तिच्या अटींवर. दुपारी शाळेत घासणार नाही, नुसती चूळ भरणार. रबरं शाळेतही घालणार, पण दातांच्या रंगाची. झोपण्यापूर्वी मात्र नीट वेळ घेऊन घासणार: १४५० पीपीएम फ्लोराइडची पेस्ट, ब्रॅकेटच्या वर आणि खाली ब्रश तिरका धरून, तारेखालून बारीक ब्रश, आणि घासून झाल्यावर पाण्यानं खळखळून न धुता फक्त थुंकायचं, म्हणजे फ्लोराइड दातांवर टिकतं. दिवसातून एकदा, घासण्याच्या वेळेपासून वेगळ्या वेळी, फ्लोराइडची चूळ. कडक आणि चिकट पदार्थ, मधल्या वेळची गोड पेयं बंद. आईवडिलांनी आठवड्यातून एकदाच बघायचं, रोज विचारायचं नाही. ही शेवटची अट तिचीच होती, आणि तीच सगळ्यांत जास्त उपयोगी पडली असं माझं मत आहे.

दीड महिन्यानं हिरड्या गुलाबी होत्या. त्याच सुमारास मुळांचा एक्स-रे काढला, कारण दात सरकवताना मुळाचं टोक थोडं झिजतंच. बहुतेकांत ते नगण्य असतं. शंभरांत एक ते पाच जणांत मूळ बरंच आखूड होतं. हिच्या एका पटाशीच्या दाताचं टोक किंचित बोथट झालं होतं. त्या दाताला आणखी दोन महिने विश्रांती दिली. एकूण उपचार त्यामुळे लांबला, पण वडिलांनी या वेळी घट्ट करायला सांगितलं नाही.

काढल्यानंतर

साडेचौदाव्या वर्षी ब्रेसेस निघाले. बहुतेक कुटुंबं या दिवशी उपचार संपला असं समजतात. दात मात्र अजून स्थिर झालेला नसतो. मुळाभोवतीच्या तंतूंची फेररचना व्हायला तीन-चार महिने लागतात, हिरडीतले लवचीक तंतू तर वर्षभराहूनही अधिक काळ दाताला जुन्या जागेकडे खेचत राहतात. त्यापुढेही वयाबरोबर दात सरकत असतात, ज्यांनी कधी ब्रेसेस लावले नाहीत त्यांचेसुद्धा. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात अनेक वर्षं ज्यांच्या नोंदी ठेवल्या गेल्या, त्या रुग्णांपैकी रिटेनर (दात नव्या जागी धरून ठेवणारं उपकरण) थांबवल्यावर दहा वर्षांनी खालचे समोरचे दात समाधानकारक ओळीत राहिलेले एक तृतीयांशाहूनही कमी होते. रिटेनर किती दिवस, या प्रश्नाचं खरं उत्तर म्हणूनच असं: जोवर दात सरळ राहावेत असं वाटतं तोवर, रात्री. अक्कलदाढा ढकलतात म्हणून समोरचे दात वाकडे होतात हा समज फार पसरला आहे. केवळ त्या कारणासाठी अक्कलदाढा काढण्याला पुराव्याचा आधार नाही.

तिला खाली आतल्या बाजूनं चिकटवलेली बारीक तार आणि वर रात्री घालायचा पारदर्शक रिटेनर दिला. चिकटवलेली तार एखाद्या दातावरून सुटली तरी जागीच राहते, त्यामुळे कळत नाही, आणि तेवढाच दात गुपचूप फिरतो. महिन्यातून एकदा नखानं चाचपून बघायचं तिला शिकवलं.

अशा उपचाराच्या आधी पालकांनी काय विचारावं, तर माझ्या मते सगळ्यांत उपयोगी प्रश्न आहेत ते हे: आत्ताच का, आणि वर्षभर थांबलो तर काय बिघडेल? काहीच केलं नाही तर काय होईल? एक्स-रेमध्ये कोणता दात कमी आहे किंवा वाट चुकला आहे का? उपचार करणाऱ्या व्यक्तीनं ऑर्थोडॉन्टिक्सचं पदव्युत्तर शिक्षण घेतलं आहे का? रिटेनरची जबाबदारी किती काळ, आणि तो तुटला तर? जो सल्लागार तोंडात न बघता किंवा एक्स-रे न काढता घरपोच साच्यावर उपचार सुरू करायला तयार होतो, त्याच्यापासून दूर राहावं. पारदर्शक अलाइनर, म्हणजे तारांऐवजी दातांवर घालायची काढता-घालता येणारी आवरणं, स्वतः वाईट नाहीत, योग्य रुग्णात उत्तम काम करतात. पण ते दिवसाचे २२ तास घालावे लागतात, आणि या मुलीनं रबरांचं काय केलं ते वर आलंच आहे. समोरच्या दोन दातांमधली फट बंद करायला साधं रबर बँड अडकवण्याचे व्हिडिओ मुलं बघतात. याबद्दल मात्र कितीही वेळा सावध केलं तरी कमीच: दात मुळाकडे निमुळता होत जातो, रबर हिरडीखाली घसरतं, दिसेनासं होतं आणि मुळाभोवतीचं हाड नष्ट करत वर चढतं. अशानं निरोगी दात गेल्याची प्रकरणं दंतवैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत.

मोठ्यांनाही ब्रेसेस लावता येतात, वयाची अट नाही. फक्त आधी हिरड्यांचा आजार नाही ना, आणि हाडांच्या ठिसूळपणावरची काही औषधं चालू नाहीत ना, हे तपासावं लागतं.

ब्रेसेस काढून दोन वर्षं झाली तेव्हा मुलगी तपासणीला एकटी आली. वरचं आणि खालचं अंतर अडीच मिलिमीटर, डावा सुळा जागेवर, शेजारच्या दाताचं मूळ शाबूत. मधल्या एका सुट्टीत काही आठवडे रिटेनर घातला नव्हता, आणि वरचा एक दात किंचित फिरला होता. चार पांढऱ्या डागांपैकी दोन पुसट होऊन गेले, दोन राहिले. त्यांवर राळेसारखं द्रव्य आत मुरवून रंग मिसळून घेण्याचा उपाय आहे, तो तिला समजावला. फिरलेला दात नव्या रिटेनरनं बराचसा जागेवर येईल, हेही सांगितलं. तिनं रिटेनरचा साचा घेऊ दिला. डागांचं काय करायचं ते बोर्डाची परीक्षा झाल्यावर ठरवून कळवते, म्हणाली.